दोघांची कयाक

आमची मुलगी गेली त्यानंतरच्या वसंतात माझ्या नवऱ्याने एक कयाक घरी आणली. मासेमारीची, रुंद तळाची, शेवाळी रंगाची. मागच्या बाजूला गळ उभे करायला दोन भोकं होती आणि बसायला दोन जागा, एकीमागे एक. शेजारच्या गावातल्या एका वृद्ध गृहस्थांकडून त्याने ती घेतली होती. त्यांची बायको गेल्यापासून ही कयाक गॅरेजच्या छताला उलटी टांगून होती.

"दोघांची कशाला?" मी विचारलं.

"एकट्याची मिळाली नाही," तो म्हणाला आणि केलरमध्ये, म्हणजे तळघरात, तिला जागा करायला निघून गेला.

आम्ही तेव्हा जर्मनीत डार्मश्टाटला राहत होतो. तो तिथे पीएचडीला आला होता, आणि लग्नानंतर मीही आले आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. तो अलिबागजवळच्या खाडीकाठचा. त्याच्या घरी मासळीशिवाय ताट वाढलं तर कुणाचा उपास आहे का, असं विचारतात. मी पुण्याची, आमच्याकडे अंडंसुद्धा घराबाहेर. लग्नानंतर मी त्याच्यासाठी मासे तळायला शिकले, पण खायला काही शिकले नाही.

मला आठवा महिना चालू होता. दुपारी ऑफिसात जागेवरून उठताना पोटात कळ आली आणि उभंच राहता येईना. बाळाची वार आधीच सुटली होती. हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन सिझेरियन केलं. मला नीट शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी, अतिदक्षता विभागात. नवरा कॉटशेजारी बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. थोड्या वेळाने हेबामे, म्हणजे सुईण, मुलीला घेऊन आली. डोक्यावर कुणीतरी विणलेली पिवळी टोपी होती. मी तिला मांडीवर घेतलं. नाक त्याचं होतं. ती गार होती. मुलीच्या स्पर्शाची माझ्याजवळ तेवढीच आठवण.

शहराबाहेर, जंगलाला लागून दफनभूमी आहे. तिच्या एका कोपऱ्यात अशा बाळांसाठी वेगळी जागा राखलेली आहे. तिथे तिला ठेवलं. सासूबाईंना व्हिसा वेळेत मिळाला नाही, माझी आई आजारी होती. आम्ही दोघंच होतो.

त्यानंतर घरात आवाजच राहिला नाही. भांडण नव्हतं. तो मला औषधं द्यायचा, मी त्याला डबा द्यायचे. जर्मनीत मासे पकडायचे तर फिशरायशाइन, म्हणजे सरकारी परवाना लागतो, त्यासाठी कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. त्या हिवाळ्यात त्याने तो कोर्स लावला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून तो माशांची जर्मन नावं मोठ्याने पाठ करायचा. हेश्ट, श्लाय, कार्पफेन, रोटफेडर. मी आतल्या खोलीत पडून ऐकायचे. कितीतरी दिवसांत घरात कुणी सलग बोलत होतं ते एवढंच.

परीक्षा झाली, तो मासेमारांच्या फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, सभासद झाला आणि दर शनिवारी सकाळी कयाक गाडीच्या टपावर बांधून जायला लागला. राइनच्या बाजूला वाळू उपसून झालेले मोठमोठे खड्डे आहेत, त्यात पाणी भरून तळी झाली आहेत. त्यांपैकी एका तळ्यावर फेराइनने त्याला बोट घालायची परवानगी दिली होती. तिथे रोटफेडर खूप. तळहाताहून थोडा मोठा, पितळेसारखा चमकणारा मासा, पंख मात्र कुंकवासारखे लाल.

रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. नातीचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. त्या मासळीचंच विचारायच्या.

"काल काय गावलं रे?"

"दोन रोटफेडर."

"काट्याचे की काय?"

"काटा आहे भरपूर. पण तळल्यावर चांगले लागतात."

"हिनं तळले?"

"हो."

मी कॅमेऱ्याबाहेर ओट्याशी उभी असायचे. त्या वसंतात मी एकही मासा तळला नव्हता. त्याने घरी एकही आणला नव्हता. दर रविवारी मासे वाढत गेले. एकदा त्याने सासूबाईंना माशांची कोकम घालून आमटी केल्याचं सांगितलं. त्या खूश झाल्या. फोन ठेवल्यावर मी त्याला काही विचारलं नाही, पण पुढच्या शनिवारी तो बूट घालत होता तेव्हा म्हटलं, "मी पण येते."

त्याने बुटाची नाडी बांधून घेतली. "थंडी असते पाण्यावर. जाड जॅकेट घे."

मला पोहायला येत नाही. त्याने मला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे ओढून बघितले आणि पुढच्या जागेवर बसवलं. मागचा माणूस बोट वळवतो, म्हणून तो मागे. "मागे वळून बघू नकोस," तो म्हणाला, "तोल जातो. काही हवं असेल तर नुसतं बोल."

जूनची सुरुवात होती. पाणी अगदी स्थिर होतं. काठाच्या बोरूत बदकं कुजबुजल्यासारखी वाजत होती. तो कमळाच्या पानांच्या कडेकडेने बोट नेत होता. गळाला त्याने मक्याचा दाणा लावला होता. "तुझ्यासाठी शाकाहारी," तो म्हणाला. हे वाक्य कानांवर पडलं आणि माझ्या लक्षात आलं, की तो गंमत करायचा हे मी विसरूनच गेले होते.

थोड्या वेळाने दोरी ताणली गेल्याचा आवाज आला, मग पाण्यात फडफड. सांगितलेलं विसरून मी मान वळवली. त्याच्या हातात मासा होता. उन्हात त्याचे पंख खरोखरच लाल दिसत होते. मासा जोरात उसळला, मग आणखी एकदा, मग त्याच्या तळव्यांमध्ये शांत झाला. इथल्या कायद्याप्रमाणे खाण्याजोगा मासा मिळाला की लगेच डोक्यात दांडका मारून त्याला मारायचं असतं, तडफडत ठेवायचं नाही. लाकडी दांडका त्याच्या गुडघ्याशी होता. त्याने तो उचलला नाही. तो माशाकडे बघत राहिला. खाडीवर लहानपण गेलेला माणूस. मग त्याने दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि मासा निघून गेला.

"हॅलो!" काठावरून हाक आली.

फेराइनतर्फे तळ्यावर देखरेख करणारे एक आजोबा फळ्यांच्या धक्क्यावर उभे होते. आम्ही बोट त्यांच्यापाशी नेली.

"चांगला मोठा होता की," ते जर्मनमध्ये म्हणाले. "सोडलात का?"

"मारता येत नाही मला," नवरा म्हणाला.

"आजच?"

"कधीच नाही. सगळे सोडले."

आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला वाटलं, आता सभासदाचं कार्ड काढून घेणार. "हे बघा," ते म्हणाले, "माशाला तोंडाला धरून ओढायचं आणि परत टाकायचं, हे इथे चालत नाही. परीक्षेत शिकलात ना? मारता येत नसेल तर गळ घरी ठेवा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. आवाज जरा उतरवून म्हणाले, "बोट चालवायला कोण नको म्हणतंय? बोट चालवा."

त्याने गळ गुंडाळून धक्क्यावर ठेवला. मला वाटलं, आता घरी. पण त्याने वल्ह्याने धक्क्याला रेटा दिला आणि आम्ही पुन्हा पाण्यात आलो. तळ्याच्या मध्यावर त्याने वल्हं आडवं ठेवलं. मग माझ्या पाठीमागून आवाज आला.

"ती गरम होती."

"कोण?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"तुला आत ठेवलं होतं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये. हेबामेने मला एका खोलीत नेलं, शर्टाची बटणं काढायला सांगितली आणि तिला माझ्या छातीवर ठेवलं. गरम होती गं. इतकी, की मला वाटलं, यांचंच काहीतरी चुकतंय. मग तिचे पाय गार पडायला लागले. मी पांघरूण मागितलं. तिने आणून दिलं. मी आणखी मागितलं. तिने आणखी दिलं. काही उपयोग नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. आम्ही तिला गुंडाळत राहिलो."

मी समोरच्या पाण्याकडे बघत होते.

"मासा हातात शांत होतो ना," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला ती गार मिळाली. मला गरम मिळाली होती, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

मी वळायला गेले. बोट एका बाजूला कलली. "हलू नकोस," तो ओरडला, आणि मी दोन्ही कडा घट्ट धरून तशीच, त्याच्याकडे पाठ करून, रडले. तोही रडत असावा. बोट बारीक हलत होती.

त्याच्या दुःखाने माझं दुःख हलकं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. झालं उलटंच. तो आठवडा मला त्याच्याकडे बघवेना. मी तिला इतके महिने पोटात वाढवलं आणि तिची ऊब याला मिळाली. ऑफिसात मीटिंग चालू असताना एकदम ते मनात यायचं आणि अंगाची लाही व्हायची. शुक्रवारी रात्री जेवताना त्याने विचारलं, "कयाक विकून टाकू?" मी नाही म्हटलं. आणि सकाळी वल्ही मीच खाली नेली.

गळ घरी राहिला. उन्हाळाभर आम्ही तसेच जात राहिलो. घरात आम्हाला तिच्याबद्दल बोलता यायचं नाही. समोरासमोर बसलं की एकमेकांचं तोंड बघून दोघंही गप्प व्हायचो. बोटीत तोंडं दिसत नव्हती. मी समोर बघून प्रश्न विचारायचे आणि उत्तर पाठीमागून यायचं. केस कसे होते? ओले होते तेव्हा काळे, टॉवेलने पुसल्यावर थोडे पिंगट. मूठ उघडी होती का? एक उघडी होती. कधी एखादाच प्रश्न, कधी काहीच नाही, नुसतं वल्हवणं.

एकदा मी विचारलं, "तू तिच्याशी काही बोललास?"

"हो."

"काय?"

"खाडीतल्या माशांची नावं सांगितली," तो म्हणाला. "दुसरं काही सुचेना. बोईट, शिंगाळा, खरबी, निवटी. मोठी झाली असती तर मी हीच आधी शिकवली असती, बाबांनी मला शिकवली तशी."

त्या दिवशी मी त्याला ती सगळी नावं पुन्हा म्हणायला लावली.

पुढच्या एका रविवारी सासूबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "काय गावलं?" तो फोनकडे बघत म्हणाला, "आई, मी मासे पकडत नाही. कधी आणलेच नाहीत. खोटं सांगत होतो."

पलीकडे त्यांनी उठून पंखा बंद केला.

"मग पाण्यात जाऊन करता काय रे दोघं?"

"तिच्याबद्दल बोलतो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "बोला बाबांनो," त्या म्हणाल्या. "मी इथे कुणाशी बोलू?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या आल्या. येताना त्यांनी चांदीचे वाळे आणले होते, नातीसाठी आधीच घडवून ठेवलेले. दफनभूमीत त्या खाली बसल्या, वाळे ओंजळीत धरले आणि पुन्हा पिशवीत घातले. "इथे ठेवायला नको, कुणी नेलं तर," त्या म्हणाल्या. आजूबाजूच्या छोट्या थडग्यांवर रंगीत भिरभिरी फिरत होती, पावसाने रंग उडालेलं एक अस्वल बसलं होतं. त्यांनी सगळं बघून घेतलं आणि मला विचारलं, "ही जागा कायमची आहे ना?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने सांगितलं, "नाही आई. इथे जागा काही वर्षांसाठी असते. मुदत संपली की दगड काढतात, जागा दुसऱ्याला देतात."

"आणि हिला?"

"ती मातीतच राहते. वर खूण राहत नाही."

त्या खूप रागावल्या, आमच्यावर, या देशावर, कुणावर ते कळलं नाही. रात्री भात कालवता कालवता म्हणाल्या, "तुम्ही दोघं आहात तोवर खूण आहे." माझ्या ताटात त्यांनी आणखी भात वाढला.

आम्हाला दुसरं मूल झालं नाही. आधी डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, मग आम्हीच थांबलो. नंतर त्याला झिंडेलफिंगेनमध्ये कार बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. तिथल्या फ्लॅटला केलर लहान, म्हणून कयाक आम्ही फेराइनला देऊन टाकली. आता आम्ही घरातही तिच्याबद्दल बोलतो, पण कमी. काही आठवड्यांत तर अजिबात नाही. ते मला जास्त छळतं.

महिन्यातून एकदा आम्ही गाडीने तिच्याकडे जातो. गेल्या खेपेला पाऊस भुरभुरत होता. मी एरिकाच्या जांभळ्या फुलांची रोपं लावत होते, तो दगडावरचं शेवाळ खरवडत होता. पलीकडच्या रांगेत एक नवीन खड्डा बुजवलेला होता, त्यावर पांढरी फुलं. तिथे एक तरुण जर्मन जोडपं उभं होतं, एकमेकांपासून हातभर अंतरावर. त्यातल्या मुलीच्या हातात प्लास्टिकची कुंडी, आणि तिचं काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. नवरा उठला, हात पँटला पुसले आणि त्यांच्याकडे गेला. तो काहीतरी बोलला. त्या मुलाने मान हलवली, मुलीने कुंडी खाली ठेवली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणालास त्यांना?"

"पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगितलं," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.