डिकीतला उजेड

आमच्या गाडीच्या डिकीत पहिल्यापासून एक दिवा होता. दिवा म्हणायचं म्हणून. डाव्या कोपऱ्यात करंगळीएवढा बल्ब, त्यावर पिवळं पडलेलं झाकण, आणि उजेड पडायचा तो नेमका स्टेपनीच्या कव्हरवर. बाकी अंधार. यजमान होते तोवर त्याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण डिकीत असायचं काय, एक छत्री आणि पाण्याची कॅन.

गाडी मी पंचावन्नाव्या वर्षी शिकले. यजमानांची छाती एकदा दुखली आणि दवाखान्यात नेणारा माणूस शोधण्यात पाऊण तास गेला. त्यानंतर ठरवलं की आता कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही. शिकवणारा म्हणायचा, "काकू, क्लच हळू सोडा," आणि मी असा सोडायची की त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा. पण शिकले. यजमान गेले त्याला चार वर्षं झाली. गाडी त्यांच्या नावावर होती. मुलगा पुण्याहून आलेला, तो म्हणाला, "आई, माझ्या नावावर करून टाकू, तुला आरटीओत खेटे नकोत." मी म्हटलं, कर. एकुलता एक पोरगा. त्याच्या नावावर काय नि माझ्या नावावर काय.

यजमान गेल्यावर पहिलं वर्ष मी नुसती बसून काढलं. समोरच्या घरातली माझी मैत्रीण एक दिवस येऊन म्हणाली, "अशी भिंतीले टेकून किती दिवस बसशीन वं? तुह्या हातची सांभारवडी सारी गल्ली मागते. गाडी आहे, डिकी आहे. चल, विकू." आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. हिवाळ्यात तो इतका येतो की भाजीवाला वरून फुकट टाकतो. तर थंडीचे चार महिने, दुपारभर घरी वड्या तळायच्या, कढी करायची आणि पाच वाजता रामदासपेठेत एका कडुलिंबाखाली गाडी उभी करून डिकी उघडायची. तेच आमचं दुकान. मैत्रीण वड्या कापून द्यायची, मी कढी वाढायची. लोक उभ्या उभ्या खायचे, आणि मला चार माणसांशी बोलायला मिळायचं. खरं तर मी त्यासाठीच जायची.

पण थंडीत सहा वाजले की अंधार. स्टेपनी तेवढी लख्ख दिसायची. मी मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरून कढी वाढायची आणि मैत्रीण म्हणायची, "डॉक्टरीण बाई, चालू करा ऑपरेशन." एकदा एका साहेबांच्या बुटात कढी गेली. चांगले होते बिचारे, म्हणाले, "काकू, बुटाले पण भूक लागलीच होती."

त्या दिवशी फोनवर मुलाला हसत हसत हे सांगितलं. म्हटलं, "डिकीत मले काहीच दिसत नाही रे बाप्पा."

तो हसला नाही. म्हणाला, "कधीपासून?"

"मागच्या वर्षी पण त्रास होता. यंदा जास्त."

"हं," म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलला आणि फोन ठेवला. मला काय माहीत, त्या 'हं'मध्ये काय जाऊन बसलं ते.

उपाय मी स्वतःच शोधला. मोबाईलवर एक माणूस दाखवतो, एलईडीची पट्टी घ्यायची, कात्रीची खूण असेल तिथेच कापायची, डिकीच्या दिव्याच्याच दोन वायरींना जोडायची. झाकण उघडलं की लागते, बंद केलं की विझते. मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की मैत्रीण म्हणाली, "आता त्या माणसाले जेवायलेच बोलव." मग बर्डीच्या बाजारात गेले आणि अगदी चिल्लर पैशात पट्टीचं भेंडोळं आणलं. पांढऱ्या उजेडाची आणली होती. घरी बॅटरीला लावून एका वडीवर धरली, तर ती वडी आजारी माणसाच्या जिभेसारखी दिसली. परत गेले, पिवळ्या उजेडाची घेतली. दुकानदार म्हणाला, "मावशी, लायटिंग लग्नात लावायची आहे का?" म्हटलं, "नाही गा, वड्यांले."

दिवाळीला मुलगा एकटाच आला. सुनेला सुट्टी नव्हती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डिकीत डोकं घालून बसले होते, तर हा आपणहून बाहेर आला. म्हणाला, "सरक आई, मी करतो."

काय सांगू किती बरं वाटलं. पुण्याला गेल्यापासून तो इथे पाहुण्यासारखा यायचा, मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचा. त्या दिवशी अंगणात बनियनवर बसला, लहानपणी रेडिओ खोलून बसायचा तसा. आम्ही पट्टीचे दोन तुकडे केले. डावी बाजू त्याची, उजवी माझी. त्याने स्पिरिटचा बोळा करून डिकीची कड नीट पुसली, वाळू दिली, मग पट्टी लावून इंच इंच दाबत गेला. मी पदराने पुसलं आणि लावून मोकळी झाले.

"आई, तेलकट आहे ते. सुटून जाईल."

"तुह्या बाजूचं तू पाहा."

वायर जोडली तर लागेचना. मी म्हटलं, "लाल काळी अदलाबदल कर, त्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं." त्याने केली, आणि बाप्पा, डिकी अशी उजळली जसं देवघर. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, त्या वयाला.

त्याने मोबाईल काढला. म्हणाला, "थांब, फोटो काढतो." मी डिकीजवळ हसत उभी राहिले.

"तू बाजूला हो ना आई. सावली पडते तुझी."

मी सरकले. त्याने डिकीचे फोटो काढले. मग पुढून काढला, मागून काढला. आत बसून मीटरचा काढला, म्हणाला, "फारच कमी फिरवली गं गाडी." टायरांजवळ वाकला. मी म्हटलं, "त्यांचे काहून?" तर म्हणे, हवा कमी वाटते. मी लगेच दुसऱ्या दिवशी जाऊन हवा भरून आले. पुण्याला जाताना त्याने मला जवळ घेतलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मी ते महिनाभर मैत्रिणीला सांगत होते.

दिव्यांनी आमचं नाव झालं. लोक विचारायचे, काकू हे कुठून करून घेतलं. मी सांगायची, माझ्या मुलाने आणि मी. दोघं तिघं तर घरी येऊन पाहून गेले, वायर कशी जोडली ते. त्यामुळे संक्रांतीनंतरच्या एका रविवारी सकाळी, मी गेटसमोर डिकी पुसत असताना मोटरसायकलवर एक जोडपं आलं आणि त्यातला माणूस म्हणाला, "काकू, डिकीत लाईट लावलेली गाडी हीच का?" तर मी हरखून म्हटलं, "हव, हीच! या, या."

हिंगण्याला कंपनीत होता तो. भिडस्त माणूस. मी त्याला सगळं दाखवलं. पट्टी कुठे कापली, वायर कुठून नेली. झाकण लावताना दिवा कसा विझतो हे दिसावं म्हणून त्याला डिकीत डोकं घालायला लावून वरून झाकण अर्धं खाली आणलं. तो बिचारा वाकून आत. म्हणाला, "काकू, मायलेज किती देते?"

मला वाटलं, पट्टीने बॅटरी खाल्ली जाते अशी त्याची शंका. म्हटलं, "काही फरक नाही पडत गा. पेट्रोल तेवढंच लागते."

"टायर कधी बदलले?"

तेही सांगितलं. सर्व्हिसिंग कुठे करते ते सांगितलं. आता पट्टी लावायला टायर कशाला विचारतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही, मी माझ्याच कौतुकात. चहा टाकला. त्याची बायको ओट्यावर टेकली होती, ती कप हातात धरून बसली, पिईना. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "अहो, सांगा ना त्यायले. मले कसंतरीच वाटून राहिलं."

त्याने मोबाईल पुढे केला.

त्यात आमची गाडी. पुढून, मागून, मीटर, टायर. आणि डिकी, दोन्ही पट्ट्या पेटलेल्या. त्या फोटोच्या कडेला माझ्या पदराचा काठ आला होता, बाजूला सरकले तरी राहून गेलेला. खाली लिहिलं होतं, एका वयस्कर बाईने जपून वापरलेली, डिकीत नवीन लायटिंग, ताबडतोब विकणे आहे.

"दादांनी सांगितलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला, "आईजवळ विकायची गोष्ट काढू नका, नुसती पाहून या. म्हणाले, आईले आता नीट दिसत नाही."

मी त्याला काय बोलू? त्याचा काय दोष. त्याची बायको म्हणाली, "काकू, आम्ही नाही घेत ही गाडी." मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही पाहा, चहा तर प्या. निवला." आणि सवयीने चार वड्या बांधून दिल्या. ते गेल्यावर डिकी तशीच उघडी, दिवे तसेच लागलेले. भर उन्हात ते दिवे इतके केविलवाणे दिसत होते.

मुलाला फोन लावला. म्हटलं, "गिऱ्हाईक येऊन गेलं तुझं."

तो म्हणाला, "आई, मी सांगणारच होतो."

"कधी? गाडी गेल्यावर? का मी बाजारातून येईन आणि अंगण रिकामं दिसेल, तेव्हा?"

"तुझं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वय बघ. मी इथे पुण्यात. उद्या काही झालं तर? आणि तूच म्हणाली होतीस, दिसत नाही म्हणून."

"डिकीत दिसत नाही म्हटलं होतं रे. दिवा आंधळा होता तिथला. माझे डोळे नाही."

"आई, तू समजून काहून नाही घेऊन राहिली?"

पुण्यात 'का' म्हणणारा माझा मुलगा 'काहून' म्हणाला. लहानपणी चोरी पकडली की असाच आवाज यायचा. एरवी मी तिथेच विरघळले असते. त्या दिवशी नाही विरघळले.

म्हटलं, "अंगणात दोन तास माझ्याजवळ बसला होतास. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तोंडावर म्हणायचं होतं, आई, गाडी सोड. भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. तू मला माझ्याच हाताने गाडी सजवायला लावली आणि सावली पडते म्हणून बाजूला सारलं."

तो म्हणाला, पट्टी तर तूच आणली होतीस. ते खरंच आहे. वकिलासारखं बोलला.

मैत्रिणीला सांगितलं तर ती आधी पुष्कळ बोलली त्याला, मग म्हणाली, "काळजीनंच केलं असन वं त्यानं." मी म्हटलं, काळजी होती तर लपवायचं काय होतं? काळजी माणूस लपवून करत नाही, विचारून करतो.

मी एवढंच मागितलं की गाडी माझ्या नावावर करून दे. तीन आठवडे तो "बघू" म्हणाला. मग एक दिवस कुरिअर आलं. आरटीओचे कागद, जिथे पाहिजे तिथे सह्या केलेले. चिठ्ठी नाही. कागद उलटेपालटे करून पाहिले, पाकिटात बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. मी आणि मैत्रीण आरटीओत गेलो, चार खेटे घातले, आणि गाडी माझी झाली. पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी झालं, आणि घरी येऊन मी देवापुढे पेढासुद्धा ठेवला नाही.

मे महिन्यात इथे बंद गाडी भट्टीसारखी तापते. एका दुपारी डिकी उघडली तर उजवी पट्टी, माझी, गोंद वितळून खाली लोंबत होती. डावी जशीच्या तशी. त्याने स्पिरिटने पुसलेली ना. काम पक्कं करतो तो, करायचं ठरवलं की. मी माझी पुन्हा चिकटवली, या वेळी नीट पुसून. त्याची ओढून काढावी असं दोनदा मनात आलं. कोपऱ्याला नख घातलं, तर निघेचना.

आता एक गोष्ट सांगते, ती मैत्रीण सोडून कोणाला माहीत नाही. या थंडीत, समोरून गाडीचे हेडलाईट आले की मला क्षणभर काहीच दिसत नाही. नुसता पांढरा गोळा. एकदा चौकात तसं झालं आणि मी भर रस्त्यात ब्रेक मारून थांबले. मागच्याने हॉर्न वाजवून गाव गोळा केलं. मैत्रीण शेजारी बसली होती, तिने माझ्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चारलाच जातो आणि उजेड आहे तोवर दुकान आवरून घरी येतो. जे गिऱ्हाईक सहानंतर यायचं ते तुटलं. डिकीतले दिवे लागतात, पण दिवसाउजेडी त्यांची गरजच उरली नाही.

मुलाचा रविवारी फोन येतो. विचारतो, "आई, डोळे कसे आहेत?" मी म्हणते, "मस्त."

आधी मी त्याला सगळं सांगायची. बुटात कढी गेली तेसुद्धा. आता हे नाही सांगितलं, आणि सांगणारही नाही.