दोन्ही बाजूंनी आलेली धार

आमच्या गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी ताई सूर्याचा वारा, म्हणजे सूर्यातून सतत सुटणारे विजेचे कण, निवडायची. धान्य निवडावं तसा. अवकाशात फिरणाऱ्या यानाने पाठवलेली मोजमापं ऑफिसातल्या पडद्यावर उमटली की त्यातले इलेक्ट्रॉन ती वेगळे करी. बहुतेक मंद, एकमेकांना धक्के देत एकसारखे झालेले. त्यांना ती गर्दी म्हणे. थोडे तापट, चहूकडून येणारे, ते भटके. आणि एक बारीक वेगवान धार, चुंबकीय रेषा धरून सूर्याकडून थेट निघालेली. दूर जाता जाता ही धार विस्कटते आणि भटक्यांत मिसळून जाते.

"आमचा दादा तसाच," ताई म्हणायची. "निघाला तेव्हा सरळ होता."

दादा लांबच्या शहरात. फोन नेहमी ताईनेच करायचा.

एका दुपारी धार दोन्ही बाजूंनी आलेली दिसली. सूर्याकडून, आणि उलट सूर्याकडेही. म्हणजे त्या रेषेची दोन्ही टोकं सूर्यालाच बांधलेली! ताईचा चहा निवून गेला. तिने फोन लावला.

"दादा, मला काहीतरी सापडलंय. रोज दिसत नाही असलं."

"चिमे, तुला पायातली चप्पल सापडायची नाही!" तो हसला. मग म्हणाला, "दाखव तरी. रविवारी येतो."

ताईने दुसरी खुर्ची पुसली. पलंगावर धुतलेली चादर अंथरली.

शुक्रवारी तिच्या मनात पाल चुकचुकली. यान तेव्हा कुठे होतं, ते आपण पाहिलंच नाही. तिने पाहिलं. पृथ्वीच्या पुढ्यात सूर्याचा वारा आदळून थबकतो, तिथेच ती रेषा टेकली होती. तिथून उसळलेले इलेक्ट्रॉन आल्या वाटेने परतले होते. पलीकडच्या टोकाला सूर्य नव्हताच.

तो येऊन गेल्यावर, सोमवारी सांगितलं असतं तरी कुणाचं काय बिघडणार होतं? पण ताईने फोन लावला.

"दादा, चुकलं माझं. नुसती उसळी होती ती."

"म्हणजे दाखवायला काहीच नाही?"

"मी आहे की."

पलीकडे टीव्ही चालू होता.

"तू काय गं, कुठे पळून जातेस? बघू पुढच्या वेळी."

रविवारी ताईने खुर्ची भिंतीला लावली आणि सुट्टी असूनही ऑफिस गाठलं. पडद्यावर धार एकाच बाजूने येत होती. तिने ती वेगळी काढली आणि पुढचं मोजमाप उघडलं.