आयुधपूजेचं कुंकू आणि एजन्सीचा मेसेज

परवा आमच्या युनिटमध्ये आयुधपूजा होती. बंगळुरूत येलहंक्याच्या पुढे पुठ्ठ्याची खोकी बनवणारा छोटा कारखाना आहे, मी तिथली प्रॉडक्शन इनचार्ज. सकाळपासून मशीनं पुसणं, झेंडूच्या माळा, फाटकापाशी फोडायला कोहळा... आणि कडलेपुरी, म्हणजे आपले चणे-चुरमुरे.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याचं मशीन त्यानंच त्याला कुंकू लावायचं. सगळी मशीनं सजली, सावित्रीचं खोकी चिकटवायचं पेस्टिंग मशीन मात्र कोरडंच. सावित्री निपाणीकडची, कामगार पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे आलेली.

"अगं, भटजी खोळंबलेत. लाव पटकन," मी म्हटलं.

"कशाला अक्का? उद्या ह्याच्यावर कोण बसतंय कुणाला ठाऊक. जी बसंल ती लावंल की."

सणाच्या दिवशी असलं बोलणं मला चालत नाही. तसं सांगितलंही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ठेवून घ्या म्हणत न्हाई मी. फक्त आधी सांगा. संध्याकाळी एजन्सीचा मेसेज येतो, उद्यापासून येऊ नका म्हणून. आधी कळलं तर दुसरीकडं शब्द टाकता येतो. ऐन दिवाळीत कोण घेतंय कामावर?"

दसऱ्यानंतर आमच्या ऑर्डरी कमी होतात, आणि कुणाला कमी करायचं ते मीच एजन्सीला कळवते. यंदा सावित्री त्यात होती.

तशीच मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि एजन्सीच्या बायकांना कमी करायचं तर आधी सांगू या, म्हटलं. ते म्हणाले, "अहो, हवं तेव्हा माणसं कमी करता येतात, म्हणून तर एजन्सी!"

"कमी करा की. काम नसताना मीही कुणाला बसवून ठेवणार नाही. पण ऑर्डर संपत आली हे आपल्याला आधी दिसतं, मग त्यांनाच का कळू नये?"

"आणि आधी सांगितल्यावर त्या दुसऱ्या दिवशीच निघून गेल्या तर?"

"नोटीस दोन्हीकडून, सोडताना त्यांनीही आधी सांगायचं. तरी गेल्या, तर पेस्टिंगला मी बसते."

"तुम्ही बसलात तर बाकीचेही पळतील," ते हसले. पण एजन्सीला फोन त्यांनीच लावला. ठरलं ते असं, की आता आधी सांगायचं, आणि सांगितलेल्या तारखेपर्यंत काम द्यायचं.

बाहेर येऊन सावित्रीला मीच सांगितलं. "महिनाअखेरपर्यंत काम आहे. पुढे नाही." गोड करून सांगणं मला जमत नाही.

"सरी अक्का," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून तिनं कुंकवाची वाटी ओढली. "म्हंजे तोवर हे माझंच की!"

चांगलं ठसठशीत कुंकू लावलं तिनं... माळही सरळ केली.

नोकरी काही मी तिला देऊ शकले नाही. पण ती कधी संपणार, हे तिला माझ्या तोंडून कळलं. यापुढे हे मेसेजवर सोडायचं नाही, एवढं त्या दिवशी मशीनसमोर हात जोडताना ठरवलं.