कॅरीचा बर्फ, ग्रीन्सबरोचा बर्फ

ज्या गावात बर्फ पडतो असं म्हणायलाच धाडस लागतं, त्या गावात छत्तीस वर्षं बर्फ मोजत राहिलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत. इथला हिवाळा अगदीच सौम्य. जानेवारीतसुद्धा मुलं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून खेळतात, आणि स्नो पडलाच तर वर्षातून एकदा, फार तर दोनदा. लग्नानंतर मी मामांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा नोकरी कशी आहे, व्हिसाचं कुठवर आलं, यातलं काहीही न विचारता त्यांनी एकदम विचारलं, "जावईबापू, तुमच्या अपार्टमेंटपाशी परवा किती पडला?" मला काही कळेना. तेवढ्यात मामी आतून म्हणाल्या, "बर्फ हो! ह्या घरात दुसरं काय विचारणार?"

मामा मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी पाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग्ज करण्यात गेली, त्यामुळे मापाच्या बाबतीत माणूस कर्मठ. मागच्या अंगणात, झाडापासून आणि भिंतीपासून ठरावीक अंतरावर, त्यांनी पांढरा रंग दिलेला प्लायवूडचा चौकोन मांडून ठेवला होता. स्नो थांबला की चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी फूटपट्टी उभी धरून पाच मापं घ्यायची, त्यांची सरासरी काढून वहीत लिहायची, मग फळी हळुवार पुसून घ्यायची. मामी त्या फळीला 'यांचा पाट' म्हणत. शेजारच्या अमेरिकन आजींना तर तो खरोखरच पूजेचा प्रकार वाटला होता. एका सकाळी मामा वाकून माप घेत असताना त्या कुंपणापाशी अदबीने उभ्या राहिल्या, आणि मामा सरळ होईपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी मामींना बाजूला घेऊन विचारलं, की आज तुमचा कुठला सण आहे का? मामींनी हो सांगून टाकलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

पण नुसता कॅरीचा बर्फ मोजून मामांचं समाधान होत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी, ऋता, लग्नानंतर ग्रीन्सबरोला राहायला गेली. आमच्यापासून पश्चिमेला, सव्वा तासाच्या ड्राइव्हवर. तिथला हिवाळाही आमच्यासारखाच मवाळ. पण एकच वादळ यायचं, आणि तिच्याकडे चार इंच स्नो पडत असताना आमच्याकडे नुसता रिपरिप पाऊस, नाहीतर साबुदाण्यासारखे टणक दाणे. सव्वा तासात असं काय बदलतं, हे मामा जेवणाच्या ताटात समजावून देत. "हा भात म्हणजे पश्चिमेचे डोंगर," ते सुरू करत. "हे ताक म्हणजे उत्तरेकडून आलेली थंड हवा. भाताला अडून कशी तुंबली, पाहा. ग्रीन्सबरो इथे, भाताच्या पायथ्याशी. तिथे थंडी खोल. आपण इकडे काठाला, इथे थर पातळ. आणि ही आली समुद्राकडची ऊबदार हवा." असं म्हणून ते गरम आमटीची वाटी त्यावर उपडी करत. "झाला बर्फाचा पाऊस!" मामी म्हणत, "आणि जेवणाचं वाटोळं." मी त्या घरी जेवलो तेवढ्या वेळा हे वादळ येऊन गेलं असेल, पण ताट साफ केल्याशिवाय मामा कधी उठले नाहीत.

ग्रीन्सबरोचं माप ऋताने फोनवर कळवायचं असे. ती इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "फोर इंचेस, बाबा. मे बी फाइव्ह." मामा ताडकन उठत. "मे बी म्हणजे काय? बर्फ काय मे बी पडतो?" शेवटी एका हिवाळ्यात वादळाचा अंदाज आल्यावर ते आदल्या दिवशीच फळी गाडीत टाकून ग्रीन्सबरोला गेले, स्वतःच्या हाताने मोजायला. त्या वेळी तिथे दीड इंच पडला आणि इकडे कॅरीत सकाळभर पडत राहिला. घरी फळी नाही, फूटपट्टीही मामांच्या खिशात. मामींनी स्वयंपाकघरातलं लाटणं नेलं, अंगणातल्या टेबलावरच्या बर्फात उभं खुपसलं आणि जिथवर बुडालं तिथे कुंकवाची रेघ ओढली. मामा परत आल्यावर ते लाटणं त्यांच्यासमोर ठेवलं. मामांनी चष्मा लावून ते मोजलं, आणि वहीत लिहिलं: 'पावणेचार इंच. सौ.च्या लाटण्याने.' त्या वहीत दुसऱ्या कुणाचं माप मी पाहिलेलं नाही.

ऋता त्यांना आपल्याकडे राहायला बोलावत होती. मामींची फार इच्छा होती. कॅरीच्या घरात झोपायची खोली वर, आणि मामींचे गुडघे जिना म्हटला की कुरकुरायचे. ऋताकडे खालीच मोठी खोली होती. मामा ऐकत नसत. "नोंद एकाच जागेची पाहिजे," ते मला म्हणाले होते. "जागा बदलली, की मागची सगळी वर्षं वाया. मग तुलना कशाशी करायची?" मामींनी हे ऐकलं आणि त्या चहाचे कप उचलून आत गेल्या. मला मामांना त्या वेळी काहीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. जावयाने किती बोलायचं, असं मनाशी म्हणून गप्प बसलो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत थिजणारा पाऊस पडला. पडताना पाणी, टेकताच काच. सकाळी मामा फळीवरचा थर बघायला गेले ते कानटोपी न घालताच. मामी टोपी घेऊन मागच्या दाराने निघाल्या. पहिल्याच पायरीवर त्यांचा पाय सरकला.

मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. आम्ही तोवर घेतलेल्या घरापासून ते दोन मैलांवर राहत, पण रस्त्यावर गाडी चालवणं शक्यच नव्हतं. मी कडेच्या गवतावरून चालत गेलो, मध्ये दोनदा आपटलो. पोचलो तेव्हा मामा पायरीशी ओल्यात बसले होते. मामींच्या अंगावर घरातली सगळी पांघरुणं, डोक्याला शाल, आणि मामा त्यांच्यावर छत्री धरून होते. स्वतः उघड्यावर भिजत होते. ॲम्ब्युलन्स मुंगीच्या पावलांनी येत होती. मामी मला पाहून म्हणाल्या, "यांना आधी टोपी घाला हो." टोपी त्यांच्याच मुठीत होती. त्या दिवशी किती पडलं, ते वहीत नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चालू असताना मी आणि मामा हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर बसून होतो. बराच वेळ गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले. "इथे आलो तो पहिला हिवाळा मी एकटाच होतो. हिचा व्हिसा व्हायचा होता. एकदा बर्फ पडला आणि मी हिला पत्रात लिहिलं, की आज बर्फ पडला. हिने उलट विचारलं, किती? नागपुरात जन्मलेली बाई, तिला काय कल्पना येणार! मी बाहेर जाऊन पेन खुपसून पाहिलं आणि कळवलं. मग प्रत्येक वेळी कळवायला लागलो. ती इथे आली, तरी सवय राहिली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि मी तिलाच सांगत होतो, की जागा बदलता येणार नाही."

मामी शुद्धीवर आल्यावर मामा पहिलं वाक्य बोलले ते, "ऋताकडे जाऊ या." मामींना ते खरं वाटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

उन्हाळ्यात घर रिकामं झालं. फळी आमच्याकडे ठेवू का, म्हणून मी विचारलं, तर मामा म्हणाले, "नको. तुमचं अंगण उताराचं आहे." इतकं सगळं होऊनही उतार त्यांच्या लक्षात होता. सामानाचा ट्रक पुढे गेला, मागून त्यांची गाडी. मामी पुढच्या सीटवर उशीला टेकून बसल्या होत्या आणि लहान मुलीसारख्या हात हलवत होत्या.

गेल्या हिवाळ्यात एक वादळ समुद्राच्या बाजूने आलं. ते कॅरीवर बर्फ पाडून गेलं आणि ग्रीन्सबरोला त्याने नुसता पाऊस दिला. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी घेऊन मी बाहेर गेलो, पाच ठिकाणी मोजलं आणि फोन लावला. फोन मामींनी घेतला.

"साडेतीन इंच," मी म्हटलं.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या, आणि लगेच आवाज खाली आणला. "ऐका ना, त्यांना दीड सांगा. सकाळपासून खिडकीशी बसून पाऊस बघतायत. साडेतीन ऐकलं तर जिवाला लागेल त्यांच्या. माझ्यापायी आले ना इथे."

मामा फोनवर आले. मी दीड सांगितलं. "दीड. बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन परत दिला.

अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. आवाज घुमत होता. गॅरेजमध्ये उभे असावेत. "जावईबापू, मी रडार पाहिलंय. दीड नाही तो. खरं काय ते सांगा."

"साडेतीन, मामा."

त्यांनी आकडा स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाले, "छान पडला. पण मामीला बोलू नका हं. तिला वाटेल, तिच्यापायी माझी नोंद मोडली. तिलाही दीडच सांगितलंत ना?"

"हो," मी म्हटलं. "दीडच." आणि मग न राहवून विचारलं, "मामा, परत यावंसं वाटतं का हो कधी?"

पलीकडे वॉकरची टकटक ऐकू आली, सावकाश, थांबत थांबत. मग मामींचा आवाज: "अहो, कुणाशी बोलताय तिथे थंडीत?"

"राँग नंबर आहे गं," मामा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.