सुजलेले पाय

दवाखाना भरलेला होता. बाजाराचा दिवस. डॉक्टरांनी माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कितली पेस वं रोज?"

रोज किती पितेस.

मी म्हणाले, "मी पीत नाही साहेब. पाय सुजलेत. डोकं फुटतंय."

"तुमनामा बाया बी पेतस. माले शिकाडू नको." तुमच्यात बायाही पितात, मला शिकवू नको.

बाकड्यावर कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. मी पदर पुढे ओढला.

माझ्या आधी एक बाई तपासून घेऊन गेली होती. तापीकाठच्या गावची, शेतीवाल्या घरातली. तिला "या वहिनी" म्हणाले. खुर्ची दिली. दंडाला पट्टा बांधला, बीपी मोजलं, घरच्यांची चौकशी केली. माझ्या वेळी तोच पट्टा टेबलावर गुंडाळून पडलेला. मला उभ्यानं सुई. पुडीत दुखण्याच्या गोळ्या. दारू सोड, म्हणाले. माझ्या पायाला त्यांनी हात लावला नाही. बोटानं दाबलं असतं तर खड्डा पडला असता, आणि तो लवकर भरला नसता.

मी डोंगरातली, मोलगी गावाच्या वरच्या अंगाची. आमच्या घरी भिली बोलतात. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, सातवीपर्यंत. लग्नानंतर नवऱ्यासोबत नंदुरबारला उतरले. तो हमाली करतो, मी मिरची वाळवायच्या मैदानात, पथारीवर. लाल मिरचीचे ढीग, आणि आम्ही बाया दिवसभर बसून देठ खुडतो. डोळे जळतात, हाताची आग होते. कंबर, गुडघे धरतात. मुकादम बाईच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं असायची. चहासोबत गोळी. सगळ्याच घ्यायच्या. मीही वर्षानुवर्षं घेतली. गोळी घेतली की दुखणं दबतं, हात चालतो. औषध म्हणूनच घेतली. कोणी विष म्हणून खातं का?

मग पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी, नंतर दिवसभर. पायातलं चांदीचं कडं मांसात रुतलं. सोनाराकडे जाऊन कापून काढावं लागलं. सकाळी उठले की डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या. लघवीला फेस. मुकादम बाई म्हणाली, "बसीसन काम शे, पाय सुजावच." बसून काम आहे, सुजणारच. ते खरं वाटलं मला. सगळ्यांचेच पाय संध्याकाळी जड होत. पण सगळ्यांचे सकाळी उतरत. माझे उतरत नव्हते.

दवाखान्यातली गोष्ट माझ्याआधी वस्तीत पोचली. बाकड्यावर आमच्यातलंही कोणी असणार. त्या संध्याकाळी मी चुलीजवळ बसले होते. नवरा आला, जवळ वाकला, आणि माझ्या तोंडाचा वास घेतला.

तो स्वतः प्यायचा. मी कधीच नाही. एवढ्या वर्षांचा संसार, आणि त्यानं वास घेतला.

"डॉक्टर खोटं कशाला बोलेल?" तो म्हणाला.

मी भाकरी थापत राहिले. डॉक्टरांचं हसू मी सोसलं होतं. हे सोसलं गेलं नाही. त्या माणसानं माझ्या घरात येऊन माझ्या नवऱ्याच्या नाकात बसावं, एवढी त्याची ताकद कुठून आली? तो शिकलेला होता. आणि मी डोंगरातली होते. बस.

पुड्या संपल्या. सूज मांडीपर्यंत चढली, चालताना दम लागायला लागला. वस्तीजवळ दुसरा दवाखाना नव्हता, सरकारी लांब होता. परत त्याच डॉक्टरकडे गेले. पुन्हा बाकडं, पुन्हा माणसं. सुई भरताना तो म्हणाला, "सोडी का नही आजून?"

मी हात मागे घेतला.

"मी सुई घेणार नाही. आधी ते मशीन मला लावा."

माझ्या तोंडून शाळेतली मराठी निघाली. स्वच्छ. मलाच ओळखू आली नाही.

"काय?"

"त्या दिवशी वहिनींना लावलं ते. माझ्या दंडाला लावा. वास घ्यायचा तर तोही घ्या, सगळ्यांसमोर."

खोलीत कोणी हसलं नाही. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला, "हिला बाहेर काढ." कंपाउंडरनं दंड धरला. मी सोडवून घेतला आणि माझी मी बाहेर आले. रस्त्यात बसले, उठले, पुन्हा बसले. मग रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या सिस्टरनं पट्टा बांधला. काटा बघून पुन्हा हवा भरली. मग तिनं डॉक्टरीणबाईंना हाक मारली. रक्त काढलं, लघवी तपासली, पोटाची सोनोग्राफी केली. मूत्रपिंडं आक्रसली होती. दोन्ही.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. नुसत्या सुजेची कारणं पुष्कळ असतात. पण सूज आणि वाढलेलं बीपी एकत्र दिसलं की मूत्रपिंड बघायलाच हवं, हृदय बघायला हवं. पोटुशी बाई असेल तर घरी थांबायचंच नाही, तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेततं. दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं, पाणी साठतं, मूत्रपिंडही जातं.

मी विचारलं, "माझं कशानं गेलं?"

"गोळ्यांनी गेलं, की बीपी आधीपासून होतं, आता सांगता येणार नाही. लवकर मोजलं असतं तर थोपवता आलं असतं."

थोपवता आलं असतं. हे वाक्य घेऊन मी जगते आहे.

आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुतात. पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटते. मूत्रपिंड बदलायचं कोणी बोलत नाही, आम्हीही विचारत नाही. नवरा सोबत येतो, बाहेर बसतो. त्यानं माफी मागितली नाही, मी मागायला लावली नाही. पथारीवरची माझी जागा दुसऱ्या बाईला दिली. तिलाही चहासोबत गोळी मिळते.

मशीन नसतं त्या दिवशी मी पथारीच्या फाटकाबाहेर जाऊन बसते. बाया सुटल्या की त्यांचे पाय बघते, तोंड बघते. गोळी घेऊ नका म्हणते. सरकारी दवाखान्यात चला, दंड पुढे करा, मोजल्याशिवाय उठू नका. बहुतेक ऐकत नाहीत. अर्धा दिवस बुडतो, कोण येईल? एक पोटुशी पोरगी हसून गेली. तिची पावलं फुगलेली होती. मी तिच्यामागे चालले. तिला गाठता आलं नाही.

काल पथारीच्या मालकानं, शेठनं, माणूस पाठवला. इथं बसायचं नाही.

मी म्हटलं, बसणार. उचलून टाकलं तर पलीकडच्या कडेला बसेन. त्या पोरीचं घर शोधून तिच्या दारात बसेन. तिनं शिव्या दिल्या तरी तिला घेऊनच उठेन. माझ्याकडे फार दिवस नाहीत. जेवढे आहेत, तेवढे याच कामाला लावणार.