हरवलेली शेळी, इंग्रजीतून

माझं माहेर वाईचं. संस्थेनं माझी बदली केली ती वडूजच्या पलीकडच्या एका गावात, नववी-दहावीला इंग्रजी शिकवायला. तिथल्या मुलांना उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं झटपट यायची. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उचलायचं, अशी त्यांची रीत होती.

एके दिवशी मी मनानंच फळ्यावर लिहिलं, ‘द मोरप सॅट ऑन द टान.’ जगात मोरपही नाही आणि टानही नाही. खाली प्रश्न दिला, मोरप कुठे बसला? सगळ्या वर्गानं लिहिलं, ऑन द टान.

“टान म्हणजे काय रे?” मी विचारलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, “काय की मॅडम. पर उत्तर बराबर हाय न्हवं?”

उत्तर बरोबर होतं, तीच तर पंचाईत होती.

पुढचा धडा नोटीस लिहिण्याचा होता. ‘हरवले आहे’ म्हटलं की दरवर्षी सगळ्यांचं निळं दप्तर हरवायचं. या वेळी मी बजावलं, “खरंच हरवलेलं असेल तेच लिहा.” वर्गात एक मुलगी होती, शेरडं-मेंढरं पाळणाऱ्या घरातली. तिची शेळी खरोखरच हरवली होती. तिनं लिहिलं, काळी शेळी, एक कान कापलेला. आणि शेवटी, ‘शी डज नॉट कम व्हेन यू कॉल. शी कम्स व्हेन यू गो.’ म्हणजे हाक मारली की येत नाही, आपण निघालो की येते. मी खुशीत पैकीच्या पैकी गुण दिले आणि कागद एसटीच्या थांब्यावर चिकटवायला लावला.

मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, इथं इंग्रजी नोटीस वाचणार कोण?”

वाचणारे निघाले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले एक आजोबा रोज थांब्यावर बसायचे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून नोटीस आधी इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत समजावून सांगायचे. गाडी चुकली तरी त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती.

दोनेक दिवसांनी ऐन तासाला शेजारच्या गावचा एक माणूस काळी शेळी घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. “रानात फिरत हुती. हाक मारली की पळायची. सुभेदारांनी कागद वाचल्यावर मी नुसती पाठ फिरवली आन चालाय लागलो. आली की मागनं!”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलगी पुढे गेली आणि शेळीकडं बघून म्हणाली, “मॅडम, ही आमची न्हवं. आमच्या शेळीचा उजवा कान कापलाय. हिचा डावा हाय.”

“मग कुठला कान ते लिहिलं का नाहीस?”

“तुमी कुठं इचारलं?”

शेळी आणणारा माणूस, आता हिचं तुमीच बघा, म्हणून मोकळा झाला. आम्ही तिला व्हरांड्यातल्या खांबाला बांधलं. मधल्या सुट्टीत तिनं भिंतीवरचा व्याकरणाचा तक्ता खाली ओढला आणि नामापासून क्रियाविशेषणापर्यंत फस्त केला.

मग ‘सापडली आहे’ अशी नोटीस लिहायला आम्ही बसलो. एकानं सुचवलं, “डावा कान नीट लिवूया.”

“न्हाई,” मुलगी म्हणाली. “कान लिवायचाच न्हाई. येईल त्याला आपण इचारायचा.”

वाचणारा कोण आहे, त्याला काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. कुणीतरी शेवटी जोडलं, ‘शी ईट्स ग्रामर.’ ते मी खोडलं नाही, आणि कागद पुन्हा थांब्यावर लागला.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून एक जण आला. “माझीच हाय शेळी.”

“कान कसं हायती?” मुलीनं विचारलं.

“कान... दोन हायती.”

वर्ग एवढा हसला की तो गाडी बंद न करताच परत गेला. त्याच आठवड्यात मुलीची स्वतःची शेळी दुसऱ्या कळपाबरोबर आपल्या पायांनी घरी आली. ही परकी शेळी मात्र शाळेतच राहिली. पोरं घरून चारा आणायची. हजेरी कधी नव्हे इतकी भरली.

मग एक म्हातारी आली. दारातूनच काळजीनं म्हणाली, “तिनं व्याकरण खाल्लं म्हनं. पोट तर बिघडलं न्हाई न्हवं?”

“आजी, कान कसा हाय तिचा?”

“डावा फाटलाय गं, बाभळीच्या काट्यात आडकून.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. तिनं दोर सोडून म्हातारीच्या हातात दिला. शेळीनं म्हातारीच्या पदराचा वास घेतला आणि पदरही चघळायला घेतला.

म्हातारी निघता निघता म्हणाली, “पोरी, मालक घावला आसं बी लिव त्या थांब्यावर. न्हाईतर सुभेदार उगं लोकांना आडवत बसंल.”

तास संपायला अजून अवकाश होता. मी काही सांगायच्या आत वर्गानं वह्या उघडल्या होत्या.