तेकिनाती खड्ड्यात उतरते

स्वच्छतेची तपासणी करणारे दुपारी होडीनं येणार, म्हणून अख्ख्या गावानं पानं झाडून जाळलेली. डाग उरला एकच: म्हाताऱ्या तेकिनातीचा बाबाईचा खड्डा. गावसमितीचा पुढारी बाउरो चार फावडेवाले घेऊन काठावर आला.

बाबाई म्हणजे अळूचा थोराड भाऊ. एका पानाखाली दोन माणसं उभी राहावीत. पण प्रवाळाच्या वाळूत माती कुठली? तेकिनातीच्या आजीच्या आजीनं शिंपल्यांनी खणत गोडं पाणी गाठलं, तेव्हापासून या घरातल्या बाया पानं कुजवून माती करत आलेल्या.

"आज्जे, खड्डा बुजवायचं ठरलंय. डास व्हतात."

"डास तुज्या फेकलेल्या डब्यांत व्हतात. माज्या पाण्यात मासे हायेत, ते डासांची अंडी शिल्लक ठिवत न्हाईत."

"कुजका वास येतो की."

"कुजल्याबिगर उगवंल काय रं? तुजं कपाळ?"

फावडेवाले फिदीफिदी हसले. बाउरोनं आवाज खाली आणला. "बरं, कंची पानं कशावर टाकतीस तेवढं सांग. खड्डा ऱ्हाईल."

असं होय! येत्या मेजवानीला सभाघरात बाबाई न्यायची पाळी बाउरोच्या घराची, आणि त्याच्या खड्ड्यातले गड्डे मुठीएवढे. पण कुणाच्या खड्ड्यात काय पडतं हे ज्या त्या घराचं गुपित; या बेटावर ते विचारत नसतात. तेकिनातीचा नवरा चाळीस वर्षं संसार करून न विचारताच मेला.

तिनं कमरेचं फडकं वर खोचलं आणि मांडीभर चिखलात उतरली.

"टाका वाळू! आधी माज्या डोस्क्यावर!"

एकाचंही फावडं हलेना. तेवढ्यात होडी लागली. तपासणीचा साहेब थेट तिथंच आला.

"ही कोण?"

बाउरो गडबडीनं पुढं झाला. "आमची आज्जी... खत घालतीय."

"खत न्हाई, जेवाण!" तेकिनाती खालून ओरडली. झाडाभोवतीच्या बिनबुडाच्या टोपलीत ती पानं कोंबत होती, कुणाला दिसू नयेत म्हणून सगळ्यांकडं पाठ करून. "आन् लिवा साहेब, हितं पानं जाळत्यात! मातीच्या तोंडचा घास काढून आगीला घालत्यात, मग गड्डे बारीक म्हणून रडत्यात!"

साहेबानं खरंच काहीतरी लिहिलं. खड्डा बुजवा, असं काही तो बोलला नाही. फावडी आली तशी परत गेली. बाउरो तेवढा काठावर रेंगाळला.

"मग माज्या मेजवानीचं कसं, आज्जे?"

"तुज्या आईनं पानांचं काय सांगितलंय ते आठव."

"तिनं कवाच न्हाई सांगितलं."

"मग तिनंबी तुला वळखलं व्हतं," तेकिनाती म्हणाली आणि पुढच्या टोपलीकडं वळली.